कानाचा टोप

(स्वयंपाकघर, पहाट)

आमटीचा टोप उतरतोय. टोपाला कान नाहीत, म्हणून सगळा भार सांडशीवर आणि सांडशी आजींच्या मनगटावर. काठाखाली नाव कोरलंय, साल १९७४. लग्नातला आहेर. ५० वर्षांत पोचे आले, गंज आला नाही. ती करामत स्टीलमधल्या क्रोमियमची.

आता आजींचा हात बघा.

(भाईंदर, कारखान्याचा गाळा)

गोल कापलेला पत्रा, इथल्या भाषेत ‘सर्कल’. तेल लावलं, साच्यावर ठेवला, प्रेस खाली आला. सपाट पत्र्याला पोट आलं! मग काठ छाटायचा, वळवायचा, नाहीतर बोट कापेल. पुढे पॉलिशचं चाक. तोंडाला रुमाल, अंगभर काळी भुकटी. या चकाकीची किंमत छातीत साठते, तेवढं इथे नोंदवून पुढे जाऊ.

कारण आम्ही आलो होतो कानांसाठी.

तांब्याच्या दोन टोकांमध्ये टोप आणि कान दाबून धरले. वीज सोडली. ठिणगी. तेवढ्या ठिपक्यापुरता धातू वितळून एक झाला. हे स्पॉट वेल्डिंग. भांडं आतून गुळगुळीत राहतं. शेजारच्या गाळ्यात रिव्हेट, म्हणजे आरपार धातूची खीळ, मारतात. त्याची टेंगळं आत येतात, कडेला खरकटं अडकतं, घासणारीला वैताग. तरी जड कढईला रिव्हेटच बरं, असं आमचं मत.

हा लांब दांडा मुळाशी दुभंगलेला दिसतोय? तो नखरा नाही. धातू कमी, तशी उष्णता वर चढायची वाट अरुंद. स्टीलमधून ती मुळातच सावकाश जाते. अ‍ॅल्युमिनियम सुमारे १५ पट सरस. म्हणून बुडात अ‍ॅल्युमिनियमचा थर घालतात, दांड्यात नाही. अर्थात छोट्या भांड्याखाली गॅस मोठा ठेवला आणि ज्वाळा बाहेरून वर आल्या, तर कुठलाच दांडा गार राहायचा नाही.

(भांड्यांचं दुकान)

एक गिऱ्हाईक चुंबक लावून बघतंय. चिकटला नाही की माल अस्सल, हा जुना समज. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं ३०४ नंबरचं स्टील सहसा चिकटत नाही, पण स्वस्तातलं २०२ तरी कुठे चिकटतं? आणि इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाला तर तो चिकटायलाच हवा.

आजींच्या सूनबाईंनी चुंबक मागितला नाही, पाणी मागितलं. टोप अर्धा भरला, हात ओला केला, उचलला. कानाची कड टोचली. परत. दुसऱ्यात बोटं मावली, पण हातात फडकं धरल्यावर मावेनात. परत. दुकानदार म्हणतोय, “ताई, सगळे सारखेच हो!”

चौथा.

पिशवीतला १९७४चा टोप मोडीसाठी आणलाय. तराजूवर ठेवला. काटा स्थिर झाला. दुकानदाराने भाव सांगितला.

टोप परत पिशवीत.