मिरजेची विमाने

श्रोते हो, नमस्कार.

महाराजपूरच्या बाजूला राहणाऱ्या ग्वाल्हेरकरांना आकाशातला गडगडाट ढगांचा की विमानाचा, हे ओळखण्यासाठी मान वर करावी लागत नाही. १९८५ मध्ये 'मिराज २०००' ही फ्रेंच लढाऊ विमाने तिथल्या हवाई तळावर आली, तेव्हा शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी माझी आजी कित्येक दिवस त्यांना 'मिरजेची विमाने' म्हणत असे. तिचे माहेर सांगलीचे. मिरजेहून इथल्या गवयांचे तंबोरे येतात तशी विमानेही येत असतील, असा तिचा सरळ हिशोब होता. आम्ही हसत असू. पुढे या विमानांचे जनक मार्सेल दासो यांच्याविषयी वाचले, तेव्हा आजी फारशी चुकली नव्हती असे वाटले. कारण या गृहस्थांच्या कामाचा आरंभही लाकूड तासणाऱ्या कारागिरांच्या हातूनच झाला होता.

आपली वर्तमानपत्रे 'दसॉल्ट' छापतात, पण फ्रेंच उच्चार 'दासो', आणि तेही त्यांचे जन्माचे नाव नव्हे. २२ जानेवारी १८९२ रोजी पॅरिसमध्ये एका ज्यू डॉक्टरांच्या घरी जन्मलेल्या या मुलाचे नाव मार्सेल ब्लॉक. १९०९ च्या ऑक्टोबरात राइट बंधूंच्या बनावटीच्या एका विमानाने आयफेल मनोऱ्याला प्रदक्षिणा घातली, ती त्याने शाळेच्या आवारातून पाहिली आणि आयुष्याची दिशा तिथेच ठरली. विमानविद्येचे रीतसर शिक्षण संपते न संपते तोच पहिले महायुद्ध सुरू झाले. हाताखालच्या विमानांचे पंखे (प्रोपेलर) त्याला समाधानकारक वाटेनात, म्हणून त्याने स्वतःच एक पंखा आखला आणि तो घडवण्यासाठी पॅरिसमधल्या फर्निचर करणाऱ्यांच्या वस्तीतला एक कारखानदार गाठला. अक्रोडाच्या फळ्या एकावर एक चिकटवायच्या आणि मग ठरलेल्या वळणाबरहुकूम तासत जायचे, असे ते काम. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस एकदा जास्त फिरली की सूर बसतो. इथे एक पाते दुसऱ्याहून किंचित जड राहिले की सबंध विमान थरथरू लागते. या पंख्याचे नाव 'एक्लेर', म्हणजे वीज. फ्रान्सचा विख्यात वैमानिक गिनमेर याच्या विमानालाही हाच पंखा बसवला होता. कारखानदाराची मुलगी पुढे ब्लॉक यांची पत्नी झाली.

१९१८ मध्ये मित्र आंरी पोतेझ यांच्याबरोबर आखलेल्या विमानाला एक हजारांची मागणी आली खरी, पण युद्ध थांबले आणि मागणीही रद्द झाली. दहाएक वर्षे ब्लॉक फर्निचर आणि घरबांधणीच्या धंद्यात रमले. मग विमानांकडे परतले, बॉम्बफेकी विमाने बांधली, आणि १९३६ नंतर सरकारने त्यांचे कारखाने ताब्यात घेतले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांसाठी काम करण्यास त्यांनी नकार दिला. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांची रवानगी बुखेनवाल्डच्या छळछावणीत झाली. छावणीतल्या कम्युनिस्ट कैद्यांनी त्यांना सांभाळून घेतले. ही कृतज्ञता या उजव्या विचारांच्या उद्योगपतीने पुढे जन्मभर बाळगली. एप्रिल १९४५ मध्ये सुटका झाली तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या या माणसाचे शरीर घटसर्पाने पार खिळखिळे केले होते.

त्यानंतर त्यांनी नाव बदलले. त्यांचे सेनापती बंधू भूमिगत चळवळीत 'शारदासो' या टोपणनावाने वावरत. ते 'शार दासो' या शब्दांवरून घेतलेले. आपण ज्याला रणगाडा म्हणतो, त्याचे हे फ्रेंच नाव. त्यातला गाडा सोडून उरलेले 'दासो' या कुटुंबाने कायमचे घेतले.

त्यांची खरी कर्तबगारी यापुढची आहे, आणि माझ्या मते तिचे मर्म धाडसापेक्षा सबुरीत आहे. २८ फेब्रुवारी १९४९ रोजी उडालेले 'उरागां' हे जेट विमान अगदी साधे होते: सरळ पंख, आणि रोल्स-रॉइसचे परीक्षेला उतरलेले 'नीन' इंजिन. दोनच वर्षांत जवळजवळ त्याच धडाला मागे झुकलेले पंख लावून 'मिस्तेर' तयार झाले. मागच्या विमानात जे सिद्ध झाले ते ठेवायचे आणि नवे तेवढेच घ्यायचे, ही त्यांची रीत. १९५६ मध्ये शेपटीचे आडवे पंख नसलेले, त्रिकोणी पंखांचे 'मिराज ३' उडाले आणि १९५८ मध्ये त्याने सरळ उड्डाणात ध्वनीच्या दुप्पट वेग गाठला. तो पंख वेगाला उत्तम, परंतु उतरताना वेग फार ठेवावा लागे आणि धावपट्टी लांब लागे. म्हणून पुढच्या 'मिराज एफ १' मध्ये त्रिकोण चक्क सोडून दिला. एवढा गाजलेला आकार सोडायला किती कारखानदार तयार होतील, याची मला शंका आहे. विमान सतत सावरून धरणारी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे हाताशी आली, तेव्हा १९७८ मध्ये तोच त्रिकोण 'मिराज २०००' वर परत आला. ग्वाल्हेरवरून जाते ती आकृती हीच.

या पायऱ्या आपल्या हवाई दलानेही बहुतेक त्याच क्रमाने चढल्या आहेत. १९५३ मध्ये 'उरागां' आली. त्या शब्दाचा अर्थ वादळ, म्हणून आपण त्यांना 'तूफानी' म्हटले. १९५७ पासून 'मिस्तेर' आली. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळावरील हल्ल्यात अशाच एका विमानातून स्क्वाड्रन लीडर देवय्या आपल्याहून कितीतरी वेगवान अशा पाकिस्तानी स्टारफायटर विमानाशी झुंजले. त्यांना महावीर चक्र मिळाले ते मरणोत्तर, १९८८ मध्ये. 'मिराज' म्हणजे मृगजळ. लढाऊ विमानाला हे नाव आपल्याकडे कोणी पसंत केले नसते. आपण त्याला 'वज्र' म्हटले. १९९९ च्या जूनमध्ये, कारगिल युद्धात, टायगर हिलवर लेझरच्या साहाय्याने अचूक बॉम्ब टाकले ते याच वज्राने.

मिराज ग्वाल्हेरला उतरली तेव्हा दासो त्र्याण्णव वर्षांचे होते. १७ एप्रिल १९८६ रोजी पॅरिसलगतच्या नुई-स्युर-सेन इथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर अकरा आठवड्यांनी, ४ जुलैला, त्यांच्या कारखान्यातले पुढचे विमान प्रथमच आकाशात गेले. त्याच्या त्रिकोणी पंखांपुढे आणखी दोन छोटे पंख होते आणि त्याचे नाव होते 'राफाल', म्हणजे वाऱ्याचा झोत.