वचन पाठ होतं, पण बेथलेहेमला कोणी गेलं नाही | जुन्या करारात ख्रिस्त बघायचा म्हणजे काय?

नमस्कार मंडळी! आजचा विषय जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधी लिहिलेल्या बायबलच्या पहिल्या भागात, दिसणारा ख्रिस्त, पण सुरुवात करूया मत्तय 2 पासून, म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायापासून, कारण तिथली एक गोष्ट आपण दर नाताळात ऐकतो आणि तिच्यावरून तसेच पुढे निघून जातो.

पूर्वेकडचे ते ज्ञानी लोक यरुशलेमात येतात, विचारतात की यहुद्यांचा राजा जन्मलाय तो कुठंय, आम्ही त्याला नमन करायला आलोय. हेरोद राजा घाबरतो, मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावून विचारतो, ख्रिस्त जन्मायचाय कुठे? त्यांचं उत्तर तयारच असतं, बेथलेहेमात, मीखा संदेष्ट्याने लिहून ठेवलंय. उत्तर शंभर टक्के बरोबर. आणि बेथलेहेम तिथून किती लांब, तर जेमतेम 8-9 किलोमीटर, दोन-अडीच तासांची चाल! पण त्यांच्यातला एक तरी माणूस तिकडे गेला असं मत्तय कुठे म्हणत नाही. गेले ते परके लोक, ज्यांना मीखा काय म्हणतो हे दुसऱ्यांना विचारावं लागलं, आणि तिथे पोचल्यावर त्यांनी काय केलं तर पालथं पडून नमन केलं.

म्हणून मी असं म्हणतो की जुन्या करारात ख्रिस्त दिसला, आपण 'अरे वा' म्हटलं, वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या पानावर गेलो, तर आपण अजून यरुशलेमातच बसलोय.

येशूने पण हे तोंडावर सांगितलंय, योहान 5 मध्ये. तुम्ही शास्त्र शोधता, तेच शास्त्र माझ्याबद्दल साक्ष देतं, आणि तरी तुम्ही माझ्याकडे यायला तयार नाही. हे तो कोणाला म्हणतोय बघा, शास्त्र न वाचणाऱ्यांना नाही, दिवसरात्र शास्त्रात डोकं घालून बसलेल्या लोकांना.

आता एक गोष्ट आधीच क्लिअर करतो म्हणजे कमेंटमध्ये भांडण नको, ही ख्रिस्ती लोकांची वाचायची पद्धत आहे. यहुदी लोक हीच पुस्तकं त्यांच्या परंपरेने वाचतात, फार खोलात जाऊन वाचतात, त्यांना कमी लेखायचा इथे अजिबात हेतू नाही. आपण अशी वाचतो कारण लूक 24 मध्ये पुनरुत्थित येशूने अम्माऊसच्या वाटेवर दोघांना स्वतः अशी शिकवली, मोशेपासून सुरुवात करून सगळे संदेष्टे घेत, सुमारे 11 किलोमीटरच्या वाटेवर. त्यांची अंतःकरणं वाटेत पेटली होती, पण ओळख पटली ती भाकर मोडताना, आणि तो अध्याय संपतो कुठे तर शिष्य त्याला नमन करून मोठ्या आनंदाने यरुशलेमला परत येतात आणि मंदिरात देवाचा धन्यवाद करत राहतात.

चला, एक उदाहरण नीट बघू. घाईघाईत वीस उदाहरणं दाखवण्यापेक्षा एकावर थांबलेलं मला बरं वाटतं.

[स्क्रीनवर: उत्पत्ती 22]

देवाने अब्राहामाला सांगितलंय की तुझ्या मुलाचा, इसहाकाचा, बळी दे, म्हणून अब्राहाम त्याला घेऊन मोरिया देशात निघालाय. तिसऱ्या दिवशी ती जागा लांबून दिसते. तो चाकरांना म्हणतो, तुम्ही गाढवापाशी थांबा, मी आणि मुलगा तिकडे जातो, उपासना करतो आणि परत येतो. आता जरा पॉज करा आणि विचार करा, तो जे करायला चाललाय त्याला तो स्वतः उपासना म्हणतोय! आपण उपासना म्हटलं की डोळ्यांसमोर गाणी येतात, गिटार येते, आणि इथे एक म्हातारा बाप आहे, हातात विस्तव आणि सुरा, आणि होमाची लाकडं त्याने मुलाच्या पाठीवर दिलीत. वर चढताना मुलगा विचारतो, बाबा, विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठंय? बाप म्हणतो, देव स्वतः बघून देईल. आणि शेवटी झुडपात शिंगं अडकलेला मेंढा सापडतो, मुलगा वाचतो, मेंढा जातो.

मग यात ख्रिस्त कुठे? लाकडं वाहणाऱ्या लाडक्या मुलात, की त्याच्या जागी मेलेल्या मेंढ्यात? मला विचाराल तर दोन्हीत, आणि दोन्हीत पूर्ण नाही, कारण इसहाक मेला नाही आणि मेंढ्याला काही कळत नव्हतं. चित्र असंच असतं, सगळं त्यात मावत नाही. पुढे 2 इतिहास 3 मध्ये कळतं की शलमोनाने मंदिर बांधलं ते मोरिया डोंगरावर, म्हणजे पिढ्यानपिढ्या लोक बळी घेऊन, स्तुती करत, त्याच नावाच्या डोंगरावर येत राहिले.

आणि आता प्रेषित पौल, नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणारा. उत्पत्ती 22 मध्ये देव अब्राहामाला म्हणतो की तू आपला मुलगा, एकुलता एक मुलगा, माझ्यापासून राखून ठेवला नाहीस. पौल रोम 8:32 मध्ये हेच जवळजवळ उलटं करून देवाबद्दल म्हणतो, ज्याने स्वतःच्या पुत्राला राखून ठेवलं नाही तर आपल्या सगळ्यांसाठी दिलं. आणि हे तो कुठल्या सुरात लिहितोय ते बघा, आपल्यावर आरोप कोण ठेवील, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळं कोण करील, असा तो पूर्ण उचंबळून आलाय. अभ्यास कुठे संपला आणि स्तुती कुठे सुरू झाली ते त्या परिच्छेदात मला तरी सांगता येत नाही. तुम्ही वाचाल तेव्हा असं काही जाणवलं तर लगेच पुढचा संदर्भ शोधायला पळू नका, तिथेच थांबा, पुस्तक उघडंच राहू दे, आणि 'प्रभू, माझ्या जागी तू' एवढं जरी मोठ्याने म्हटलं तरी खूप झालं.

आता थोडं सावध करतो, कारण याच गोष्टीचं खूळ पण लागतं. बर्णबाचं पत्र म्हणून एक फार जुनं ख्रिस्ती लिखाण आहे, नव्या करारात नाहीये ते, त्यात लेखक उत्पत्तीतल्या अब्राहामाच्या 318 माणसांचा आकडा घेतो, तो ग्रीक अक्षरांत लिहितो (ग्रीकमध्ये अक्षरंच आकडे म्हणून वापरायचे) आणि त्यातून येशूचं नाव आणि वधस्तंभ दोन्ही काढून दाखवतो! हुशारी आहे, नाकारत नाही, पण उत्पत्ती मुळात हिब्रूत आहे हो. असं वाचून माणूस शेवटी लेखकाच्या डोक्याचं कौतुक करतो, ख्रिस्त बाजूलाच राहतो.

याहून वाईट म्हणजे पितळी सापाची गोष्ट. गणना 21 मध्ये मोशेने तो देवाच्या सांगण्यावरून केला, साप चावलेल्यांपैकी ज्यांनी त्याच्याकडे बघितलं ते जगले, आणि योहान 3 मध्ये येशू स्वतः म्हणतो की तसंच मनुष्याच्या पुत्राला उंच केलं जाईल. म्हणजे चिन्ह एकदम अस्सल. पण 2 राजे 18 काढा, कित्येक शतकांनंतर लोक त्याच सापापुढे धूप जाळतायत आणि हिज्कीया राजाला तो फोडून टाकावा लागतो. चिन्ह खरं होतं, भक्ती चिन्हापाशीच अडकली. आपण आज धूप जाळत नाही, पण आपले चार्ट, आपल्या भविष्यवाण्यांच्या लिस्टा, आपण शोधलेलं एखादं भारी कनेक्शन, त्याचं काय?

मग खरं कनेक्शन ओळखायचं कसं? मी आधी नवा करार स्वतः काय जोडतो ते बघतो, आणि मूळ गोष्ट तिच्या जागी उभी राहते का ते बघतो. प्रेषितांची कृत्ये 8 मधल्या इथिओपियाच्या त्या अधिकाऱ्याचा प्रश्न मला फार आवडतो, तो यशया 53, म्हणजे दुसऱ्यांसाठी दुःख सोसणाऱ्या सेवकाचा अध्याय, वाचतोय आणि फिलिप्पाला विचारतो, संदेष्टा हे कोणाबद्दल बोलतोय, स्वतःबद्दल की दुसऱ्या कोणाबद्दल? किती प्रामाणिक प्रश्न! तो यरुशलेमला उपासना करूनच परत निघाला होता, आणि उत्तर मिळाल्यावर वाटेतच रथ थांबवून बाप्तिस्मा घेतो आणि आनंद करत पुढे जातो. (काही लोक म्हणतात यशया 53 ख्रिस्ती लोकांनी मागाहून बदललं असेल, तर मृत समुद्राजवळच्या कुमरानला सापडलेली यशयाची मोठी गुंडाळी ख्रिस्ताच्या 100 वर्षं तरी आधीची आहे आणि हा अध्याय तिच्यात आहे.)

शेवटचं, आणि हे मला सगळ्यात जास्त हलवतं. स्तोत्र 22. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' तिथून सुरू होतं, हे शब्द येशू वधस्तंभावर बोलला हे सगळ्यांना माहितीय, हातपाय विंधणं, कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकणं पण माहितीय. आपण तिथेच थांबतो. पण 22 व्या वचनाला सूर फिरतो, तो दुःखी माणूस म्हणतो की मी माझ्या बांधवांना तुझं नाव सांगीन, मंडळीत तुझी स्तुती करीन. आणि नव्या करारातलं इब्री 2:12 हे शब्द थेट येशूच्या तोंडी घालतं! म्हणजे ज्याची आपण आराधना करतो तोच मंडळीच्या मधोमध उभा राहून पित्याची स्तुती करतोय, आणि आपण त्याच्या मागून सूर लावतोय.

तर आज झोपायच्या आधी स्तोत्र 22 मोठ्याने वाचा, सगळी 31 वचनं, 21 ला थांबू नका, आणि कुठल्या ओळीवर थांबावंसं वाटलं ते खाली कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत तिथूनच सुरू करू.