फुसका बार निघायचा तर जमिनीवरच निघू दे

[दृश्य: वर्कशॉपमागची मोकळी जागा. दोन टेकूंवर आडवं ठेवलेलं रॉकेट, समोर चार-पाच मीटरवर एक जुनी गादी.]

रॉकेट म्हटलं की मान आपोआप वर जाते. आज ती खालीच ठेवा. हे रॉकेट आज उडणार नाही, यात मोटरसुद्धा बसवलेली नाही. आज फक्त एवढंच बघायचं आहे की ते मधोमध नीट तुटतं का.

अमेरिकेतली विद्यार्थी मंडळी अशी रॉकेटं नासाच्या ‘स्टुडंट लाँच’ या स्पर्धेसाठी बांधतात. साधारण अडीच मीटर उंच, 10 सेंटिमीटर व्यासाची, फायबरग्लासची नळी. मोटरचा एकूण आवेग, म्हणजे जोर गुणिले तो टिकतो तेवढा वेळ, 160 न्यूटन-सेकंदांच्या वर गेला की खेळण्यातलं रॉकेट संपतं आणि ‘हाय-पॉवर’ सुरू होतं. हे त्याच्या कितीतरी पुढचं आहे. अलाबामात हंट्सव्हिलजवळ टोनी नावाचं गाव आहे, तिथल्या शेतातून ते 4,000 ते 6,000 फूट उंच जायचं आहे.

वर जाणं त्यातल्या त्यात सोपं. मोटर विकत मिळते, कारखान्यात तपासून आलेली असते. खाली येण्याची व्यवस्था मात्र यांची यांनाच करावी लागते. तीही दोनदा. शिखरावर पोचल्यावर नळी एका सांध्यात उघडते आणि ‘ड्रोग’ हे छोटं पॅराशूट बाहेर पडतं. ते रॉकेटला थांबवत नाही, नुसतं ताब्यात ठेवतं. त्याला लटकून रॉकेट बऱ्याच वेगानं खाली येत राहतं, म्हणजे वाऱ्यानं शेजारच्या गावात जात नाही. जमिनीपासून काहीशे फुटांवर दुसरा सांधा उघडतो आणि मुख्य पॅराशूट फुलतं.

हे सांधे उघडतं कोण? दारू.

बंदुकीची. अगदी बारीक दाण्याची काळी दारू.

[दृश्य: खिशातला छोटा तराजू. कागदाच्या घडीतून सांडणारे काळे दाणे. आकडा 1.5 वर थांबतो.]

दीड ग्रॅम. चहाचा चमचासुद्धा भरत नाही. पण बंद नळीत ती पेटली की तिचा वायू होतो आणि आतला दाब बाहेरच्या हवेच्या दुपटीच्या आसपास जातो. 10 सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीवर हा जास्तीचा दाब म्हणजे जवळजवळ 80 किलोचा रेटा. धडधाकट माणूस आतून पाय लावून ढकलतोय असं समजा.

ढकलायचं कशाला? सांधा तीन नायलॉनच्या स्क्रूंनी धरून ठेवलेला असतो. त्यांना ‘शिअर पिन’ म्हणतात. काडेपेटीतल्या काडीएवढ्या जाडीच्या या पिनांनी वर जाताना घट्ट धरायचं आणि बार उडाला की मुकाट्यानं तुटायचं. पिना कमी लावल्या तर ड्रोगच्या हिसक्यानंच मुख्य पॅराशूटचा सांधा उघडतो, तोही शिखरावर. मग रॉकेट वाऱ्यावर तरंगत मैलभर जातं आणि मुलं संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी कपाशीच्या वावरात ते शोधत बसतात.

आणि पिना जास्त, दारू कमी असं झालं तर सांधा उघडतच नाही. रॉकेट नाकावर येतं. या छंदातले लोक त्याला ‘लॉन डार्ट’ म्हणतात. हसून म्हणतात खरं, पण तेव्हा कुणी त्याच्या वाटेत उभं राहत नाही.

[दृश्य: पॅराशूटची घडी, जवळून.]

दारू तोलणं हे सूत्राचं काम आहे. व्यास आणि लांबी घातली की ग्रॅम मिळतात. खरी गोम आहे ती या घडीत.

पॅराशूटचं कापड असतं रिपस्टॉप नायलॉनचं, ठिणगी लागली की वितळतं. म्हणून पॅराशूट नोमेक्सच्या, म्हणजे आगीला दाद न देणाऱ्या, कापडात गुंडाळायचं. पानाचा विडा बांधतात तसंच, कडा आत आणि टोक घट्ट. बार भरला आहे त्या बाजूला या कापडाची पाठ आली पाहिजे. शॉक कॉर्ड, म्हणजे रॉकेटचे तुकडे एकमेकांना बांधून ठेवणारी केव्हलारची लांब पट्टी, नागमोडी घड्या घालून चिकटपट्टीच्या छोट्या तुकड्यांनी धरायची. दणका बसला की पट्ट्या एकेक करून तुटतात आणि हिसका वाटला जातो. नाहीतर कॉर्ड नळीच्या काठावर करवतीसारखी चालते आणि नळी वरून खाली चिरत जाते. त्याला ‘झिपर’ म्हणतात आणि चेन उघडल्यासारखाच तो दिसतो.

आता नळीत केव्हलार, नोमेक्स, पॅराशूट, वायर सगळं आलं. मोकळी जागा कमी झाली आणि घासणंही वाढलं. म्हणून रिकाम्या नळीवर चाचणी घेऊन ‘झाली’ म्हणणं ही शुद्ध स्वतःची फसवणूक. उड्डाणाच्या दिवशी जसं भरणार, तस्सं आज भरायचं. तीच घडी, तेवढ्याच पिना आणि शक्यतो घडी घालणारे हातही तेच.

[दृश्य: लांब वायर उलगडली जाते. सगळे बाजूला सरकतात. नाकासमोर कुणी नाही, शेपटीमागेही नाही.]

गॉगल लावले. वायरचं दुसरं टोक नऊ व्होल्टच्या बॅटरीला. तीन, दोन, एक.

फट्.

पांढरा धूर. रॉकेटचा पुढचा अर्धा भाग हातभर पुढे सरकला आणि थांबला. पिना तुटल्या, पण पॅराशूट निम्मं आत, निम्मं बाहेर, अर्धवट चावलेल्या घासासारखं लोंबतंय. गादीपर्यंत काहीच पोचलं नाही.

फुसका बार. मुलांची तोंडं पडली आहेत. मला विचाराल तर आजच्या दिवसातलं सगळ्यात उपयोगी काम हेच झालं. हेच 5,000 फुटांवर झालं असतं तर कळलं असतं फक्त खड्डा बघून.

बॅटरी काढायची, थोडं थांबायचं, मग जवळ जायचं. तुटलेल्या पिनांचे अर्धे तुकडे भोकांतच अडकलेले असतात, ते टोकदार काडीनं एकेक ढकलून काढायचे. घडी पुन्हा. दारू दोन ग्रॅम.

फट्. या वेळी पुढचा भाग गादीवर जाऊन आदळला, कॉर्ड पूर्ण ताणली गेली, पॅराशूट गवतावर पसरलं. एक मुलगी गुडघ्यावर बसून कापडाचा इंच न् इंच उन्हाकडे धरून बघते आहे. जळकं भोक नाही. वहीत लिहितात: ड्रोग, दोन ग्रॅम, तीन पिना. प्रत्यक्ष उड्डाणात याच्या जोडीला थोडा मोठा दुसरा बार असतो. त्याचा अल्टिमीटर, म्हणजे उंची ओळखून बार पेटवणारं यंत्र, वेगळा, बॅटरीही वेगळी. पहिला रुसला तर दुसरा असावा म्हणून.

पण एवढ्यानं बार सिद्ध झाला, बार लावणारा नाही. बॅटरी तर आपण हातानं लावली! वर गेल्यावर ते काम अल्टिमीटरचं, हवेचा दाब मोजणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीचं. तिची परीक्षा बरणीत होते. झाकणाला नळी, नळीला मोठी सिरिंज, बारच्या जागी दोन छोटे दिवे. सिरिंजनं हवा ओढत जायचं. पाटीला वाटतं आपण वर चाललो. ओढणं थांबवलं की पहिला दिवा लागतो: शिखर आलं. मग हवा हळूच आत सोडायची, ठरवलेल्या उंचीएवढा दाब झाला की दुसरा दिवा. पाटी बिचारी टेबलावरच असते.

हा बरणीचा खेळ पोरकट वाटत असेल तर 8 सप्टेंबर 2004 आठवा. सूर्याकडून येणारे कण गोळा करून नासाची ‘जेनेसिस’ कुपी युटाच्या वाळवंटावर उतरत होती. तिला हवेतच आकड्यानं पकडायला हेलिकॉप्टरं तयार होती. पॅराशूट उघडलंच नाही. ताशी 300 किलोमीटरच्या वर वेगानं कुपी जमिनीत रुतली. कारण निघालं ते असं: वेग कमी होतोय हे ओळखणारे छोटे स्विच आराखड्यातच उलटे होते. आणि ते ध्यानात आलं असतं अशी एक चाचणी गाळली गेली होती.

आपल्याकडे गगनयानाच्या ड्रोग पॅराशूटची ऑगस्ट 2023 मध्ये चंदीगडला जमिनीवर परीक्षा झाली, रुळांवर रॉकेटच्या जोरावर धावणाऱ्या गाड्यावरून. दारू मोठी, प्रश्न तोच.

जमिनीवरच्या बाराला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. इथे वारा झोडपत नाही, पॅराशूट फुलतं की गुंतून बसतं ते कळत नाही. खूप उंचावर विरळ हवेत ही दारू नीट जळतही नाही, तिथे वेगळी युक्ती लागते. पण टोनीच्या शेतावर तेवढी उंची गाठायची नाहीच.

[दृश्य: एप्रिल महिना, टोनीचं शेत. आभाळात एक ठिपका.]

मोटर विझून काही सेकंद झाले आहेत. ठिपका वर जाता जाता मंदावतो, आडवा होतो. त्याच्या शेजारी पांढरा धुराचा पुंजका उमटतो, आवाजाशिवाय.

एक. दोन. तीन. चार.

फट्.

अंगणातला तोच आवाज, फक्त इतक्या उंचीवरून चालत आलेला. कुणी टाळी वाजवत नाही. मुख्य पॅराशूट अजून नळीतच आहे.