वजन नॉर्मल, पोट पुढे: स्ट्रोकची तयारी कुठून होते

हे दोन डॉक्टर बघा, लंडनचे जॉन युडकिन आणि आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सेम, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन 9.1 टक्के आणि याज्ञिक 21.2, दुपटीच्या वर! 2004 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये दोघांचा फोटो या आकड्यांसकट छापून आला. काटा बघून आपण खूश होतो ना, तिथंच फसतो. हातपाय बारीक आणि चरबी सगळी पोटात, अशी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत.

म्हणून टेप घ्या. पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाच्या खाली बांधलेली असते, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा, श्वास सोडून. पुरुषांना 90 सेंमी, बायकांना 80, तिथून पुढे धोका.

ही पोटातली चरबी लिव्हरकडे फॅटी ॲसिड सोडत राहते, इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, मग उपाशीपोटीची शुगर 100 च्या वर, ट्रायग्लिसराईड म्हणजे रक्तातली चरबी 150 च्या वर, बीपी 130/85 च्या वर, आणि चांगलं कोलेस्टेरॉल पुरुषांत 40 च्या, बायकांत 50 च्या खाली. कंबर धरून या पाचातल्या कुठल्याही तीन गोष्टी जमल्या की झाला मेटाबॉलिक सिंड्रोम.

एकेक रिपोर्ट बघितला तर "थोडंसंच वाढलंय, बघू पुढं" म्हणून फाईल कपाटात जाते. पण आत हे सगळं एकत्र काम करत असतं, रक्तवाहिनीचं अस्तर खराब होतं, चरबीचे थर बसतात, आणि पीएआय-1 नावाचं प्रोटीन वाढून गुठळी विरघळूच देत नाही. ती गुठळी मेंदूच्या नळीत अडकली की इस्केमिक स्ट्रोक, म्हणजे रक्त अडून येणारा झटका, मोठी नळी बंद झाली तर मिनिटाला साधारण 19 लाख न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, मरतात.

तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही, जीभ जड होते. आणि लोक वारं गेलं म्हणून तेल चोळत सकाळची वाट बघतात, खरंच जीव तुटतो हो! गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देतात. घरात ॲस्पिरिनही देऊ नका, गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. सीटीची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा, आणि पेशंट शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला ते नीट आठवून ठेवा, कारण डॉक्टर आधी तेच विचारणार.