शाळेच्या पाटीवरचे गुरुजी

नमस्कार श्रोतेहो. आपल्या खानदेशात साने गुरुजींच्या नावाच्या शाळा गावोगाव आहेत. अशा एखाद्या प्राथमिक शाळेचा इतिहास शोधायचा, तर आधी मुख्याध्यापकांच्या कपाटातले जनरल रजिस्टर उघडावे लागते. मुलाचे नाव, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण, सारे एका ओळीत असते. जुन्या पानांवर जन्मतारखेच्या रकान्यात 1 जून ही तारीख पुन्हा पुन्हा भेटते, कारण ज्याचा जन्म घरात कुणी टिपून ठेवला नव्हता, त्याला मास्तरांनी शाळेत घेतानाच ती तारीख दिलेली असते. माझे स्पष्ट मत आहे की भिंतींना रंग देण्याआधी या रजिस्टरांच्या प्रती काढून ठेवल्या पाहिजेत. वाळवी कुणासाठी थांबत नाही.

1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळा नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे सोपवल्या, आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर खेड्यांतील शाळा त्यांच्याकडे गेल्या. हे सारे कागदांत सापडते. पाटीवरचे नाव कोणाचे, हे मात्र मुलांना कुणीतरी तोंडाने सांगावे लागते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातल्या पालगडला झाला. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात ते अभ्यासासाठी आले आणि 1924 मध्ये तेथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. 1924 ते 1930, म्हणजे अवघी सहा वर्षे ते तेथे शिक्षक होते. त्या सहा वर्षांतली छात्रालयाची हकिकत मला फार प्रिय आहे.

छात्रालयाची जबाबदारी गुरुजींकडे आली, तेव्हा मुलांच्या खोल्यांत अंथरुणे तशीच पसरलेली, कपडे भिजत पडलेले आणि कंदिलाच्या काचा काजळीने काळ्या झालेल्या असत. दुसऱ्या कुणी नियमांचा फलक लावला असता, दंड बसवला असता. गुरुजी मुलांना एका शब्दानेही बोलले नाहीत. मुले बाहेर गेली की ते खोलीत शिरत, केर काढत, अंथरुणाची वळकटी बांधत, भिजलेले कपडे धुऊन वाळत घालत आणि कंदिलाची काच पुसून लख्ख करत. परत आलेल्या मुलांना प्रथम वाटे की हे काम कुणा सोबत्याचे असावे. हे हात आपल्या शिक्षकांचे आहेत असे कळल्यावर मुलांना लाज वाटली, आणि गुरुजी येण्याआधीच खोली झाडून ठेवण्याची त्यांची धडपड सुरू झाली. ध्यानात घ्या, श्रोतेहो, गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी केर काढला. आज शाळेत मुलाने झाडू हाती घेतला की काही पालक तक्रार करतात. त्यांनी ही हकिकत जरूर ऐकावी.

याच मुलांसाठी गुरुजी हाताने लिहिलेले दैनिक काढत. पुढे 1930 मध्ये त्यांनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. 21 फेब्रुवारी ते 19 जून असे अठरा रविवार, गीतेचे अठरा अध्याय.

आपल्या घरात अशा शाळेत शिकलेले आजोबा किंवा आजी असतील, तर त्यांच्याकडून शाळेच्या आठवणी लिहून घ्या आणि गुरुजींच्या जयंतीपूर्वी, म्हणजे 24 डिसेंबरपूर्वी, मुख्याध्यापकांकडे नेऊन द्या. नमस्कार.