'अ लव्ह सुप्रीम' लाइव्ह ऐकायला जाताय? चौथा भाग संपेपर्यंत उठू नका!

नमस्कार मंडळी! "ताई, 'अ लव्ह सुप्रीम'च्या कॉन्सर्टला निघालोय, आधी काय ऐकून जाऊ?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज बसलेच कॅमेऱ्यासमोर.

ओळख पटकन. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा अल्बम, 9 डिसेंबर 1964 ला न्यू जर्सीत रुडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेला. पियानोवर मॅकॉय टायनर, बेसवर जिमी गॅरिसन, ड्रम्सवर एल्विन जोन्स. चार भाग, साधारण 33 मिनिटं. झालं.

एकाने लिहिलंय, "प्रेमावरचा अल्बम म्हणता, मग यात प्रेयसी कुठे आहे?" अहो, हे प्रेम देवावरचं आहे! 1957 मध्ये कोल्ट्रेन हेरॉइनच्या विळख्यातून सुटला, त्याची ही कृतज्ञता. पहिल्या भागात बेसवर चार सुरांची एक ओळ फिरत राहते आणि शेवटी त्याच सुरांवर अल्बमचं नाव पुन्हा पुन्हा म्हटलं जातं. मला तर त्यात नामस्मरणच ऐकू येतं.

आता माझा जीव जिथे तुटतो तो चौथा भाग, 'साम' (Psalm, म्हणजे स्तोत्र). मागे एका कॉन्सर्टला तिसऱ्या भागातल्या ड्रम सोलोला टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि 'साम' सुरू होताच शेजारच्यांनी मोबाइल काढले, पुढची रांग तर निघालीच. आता काय, नुसतं संथ वाजवतायत, असं वाटलं असणार. मला रडू आलं हो!

कारण तिथे सॅक्सोफोन कविता म्हणत असतो. कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेली प्रार्थना, अक्षरागणिक सूर. सनईवर ओळखीचा अभंग लागला की कोणी गात नसतानाही शब्द मनात उमटतात ना? अगदी तसंच.

म्हणून तिथे ठेका शोधू नका, पाय आपटू नका. ठेका नाहीच. ड्रम्स लांबून गडगडल्यासारखे वाजतात आणि सॅक्स बोलण्याच्या लयीत पुढे जातो.

पटत नसेल तर घरी करून बघा. कविता समोर ठेवा, 'साम' लावा, शब्दांवर बोट फिरवा. 'थँक यू गॉड' आलं की सूर खाली उतरून विसावतो. एकदा हे कानाला कळलं की तो भाग पुन्हा नुसता 'संथ' वाटणार नाही.

आणखी एक तक्रार येते, "रेकॉर्डसारखं वाजवलंच नाही, पैसे वाया गेले." अहो, कोल्ट्रेनने तरी कुठे वाजवलं? ऑक्टोबर 1965 मध्ये सिअ‍ॅटलला त्याने जादा वादक घेऊन हेच चार भाग सव्वा तासाच्या आसपास रंगवले. ती टेप 2021 मध्ये बाहेर आली, जरूर ऐका. तेव्हा वादकांना मोकळं सोडा.

कविता अल्बमच्या कव्हरच्या आतच छापलेली आहे. निघण्याआधी दोनदा वाचा, आणि मोठ्याने वाचा.