यंत्र आलं, प्रयोगशाळा कधी येणार?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'नाशिकसाठी लेसर-प्लाझ्मा आणि वर्णपटशास्त्राची सामाईक प्रयोगशाळा'. त्याकडे येतोच, आधी आपल्या भांडी बाजारातलं कल्हई केलेलं एक पितळी पातेलं डोळ्यांसमोर आणा.

त्यावर याग लेसरचा एक स्पंद सोडायचा. लांबी ५ ते १० नॅनोसेकंद, ऊर्जा पन्नासेक मिलिजूल. एवढ्या ऊर्जेत चमचाभर पाणी कोमटसुद्धा होणार नाही. पण भिंगाने ती केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्यावर आणली, की तिथल्या धातूची वाफ होते, अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि दहा हजार केल्विनच्या आसपास तापलेला प्लाझ्मा उसळतो. 'टक्' असा आवाज येतो. सुरुवातीला नुसता पांढरा झगमगाट असतो, त्यात काही वाचता येत नाही. एखादा मायक्रोसेकंद थांबून कॅमेरा उघडला आणि प्रकाशाचे रंग वेगळे करून पाहिले, की रेषा दिसतात; प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची तरंगलांबी ठरलेली. आधी कथिलाच्या. त्याच जागी स्पंद मारत राहा. दुधावरची साय काढत जावं तसा थर उतरतो आणि तांब्याची ३२४.७ व ३२७.४ नॅनोमीटरची जोडी वर येते, पाठोपाठ जस्त. म्हणजे कल्हई संपली, पितळ लागलं. आणि कल्हईच्या थरातच ४०५.८ ला ठळक रेषा उभी राहिली, तर कथिलात शिसं मिसळलेलं आहे. पातेलं कापायचं नाही, आम्लात काही विरघळवायचं नाही. ज्या घरात त्यात रोज आमटी उकळते, त्या घराला हे कळायला नको?

या तंत्राला लिब्स म्हणतात, म्हणजे लेसर-इंड्यूस्ड ब्रेकडाउन स्पेक्ट्रोस्कोपी. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रज्ञान रोव्हरने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक ओळखलं ते यानेच. क्युरिऑसिटी रोव्हर २०१२ पासून मंगळावर सात मीटरपर्यंतच्या खडकांवर हेच करतोय. आणि त्या प्लाझ्मातले किती अणू इलेक्ट्रॉन गमावून आयन झाले याचा हिशेब आपण ज्या समीकरणाने मांडतो, ते भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचं, १९२० चं. पाया आपल्याच माणसाने घातलाय, हे मुलांना जरूर सांगा.

आता जे मनात सलतंय ते बोलतो. एका महाविद्यालयात, नाव घेत नाही, अनुदानातून असाच लेसर आला. नारळ फुटला, यंत्राला हार घातला, फोटो निघाले. खोली मिळाली तिसऱ्या मजल्यावर, खाली वर्कशॉप. लेथ सुरू झालं की लेसरचा ठिपका थरथरायचा, कारण कंपन शोषणारं टेबल 'फर्निचर' म्हणून मंजुरीतून वगळलं होतं. लेसर थंड ठेवणाऱ्या चिलरला विआयनीकृत, म्हणजे क्षार काढलेलं पाणी लागतं. त्याला तरतूद नाही म्हणून नळाचं भरलं, आत क्षार धरले. मग फ्लॅशलॅम्प, म्हणजे लेसरला ऊर्जा देणारा दिवा, संपला. तो संपणारच, ठरावीक स्पंदांनंतर बदलायचाच असतो. मागणी केली तर कार्यालयाने लिहिलं, तीन कोटेशन जोडा. अहो, तो दिवा बनवणारी कंपनी एकच! तिसरं कोटेशन आणायचं कुठून? फाइल फिरत राहिली, यंत्रावर चादर पडली.

आणि तिथे एक प्रयोगशाळा सहायक होते. बर्न पेपरवर, म्हणजे किरण पडला की डाग उमटणाऱ्या कागदावर, एक स्पंद घ्यायचे, डागाचा आकार बघून सांगायचे की लेसरचा मागचा आरसा सरकलाय. ही नजर कुठल्याही मॅन्युअलमध्ये मिळत नाही. ते निवृत्त झाले, पद भरलं गेलं नाही. माझ्या मते ती प्रयोगशाळा त्या दिवशी बंद पडली, दिवा नंतर गेला.

आमची मुलं मग नमुने घेऊन पवईला जातात. आयआयटी मुंबईची विश्लेषण सुविधा शुल्क घेऊन बाहेरच्यांचे नमुने तपासते, उत्तम काम आहे त्यांचं. पण मुलांच्या हातात शेवटी अहवाल येतो. आपल्या नमुन्यावर प्लाझ्मा पेटलेला त्यांनी पाहिलेला नसतो, रेषा का रुंदावली हे विचारायला समोर कोणी नसतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. मुद्द्याचं भराभर सांगतो.

मागे बसलेले द्राक्षबागायतदार विचारणारच, यावर रेसिड्यू कळेल का? नाही. औषधांचे अंश हे रेणू, प्लाझ्मात ते फुटून जातात; त्याला रेणू न फोडता वेगवेगळे करणारी क्रोमॅटोग्राफीच हवी. पण मोरचूद-चुन्याच्या वर्षानुवर्षांच्या फवारण्यांनी बागेच्या मातीत किती तांबं साठलं, देठात पोटॅश, कॅल्शियम किती, हे सापडेल. मात्र तेवढंच तांबं मातीत आणि देठात असलं तरी रेषेची उंची वेगळी येते, म्हणून इथल्याच माती-देठांचे, रासायनिक पद्धतीने मोजून ठेवलेले प्रमाण नमुने आधी तयार करावे लागतील. नाहीतर आकडे छापून येतील, पण विश्वास ठेवू नका.

आता आपल्या प्रयोगशाळेला काय हवं ते. जागा तळमजल्यावर. दार उघडताच लेसर बंद पडेल अशी सोय. १०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, तरी डोळा त्याला थेट पडद्यापर्यंत जाऊ देतो, म्हणून त्या तरंगलांबीचे गॉगल प्रत्येकाला. २०० ते ९०० नॅनोमीटर पाहणारा एक चांगला स्पेक्ट्रोमीटर पुरे, पेटावॉटच्या, म्हणजे अतिप्रचंड शक्तीच्या लेसरची स्वप्नं इंदूर आणि मुंबईच्या मोठ्या संस्थांना राहू देत. दिवे, पाणी, देखभाल करार यांचे पाच वर्षांचे पैसे खरेदीच्या मंजुरीतच. आठवड्यातले दोन दिवस बाहेरच्यांसाठी: इतर महाविद्यालयं, अंबड-सातपूरचे कारखानदार, शेतकरी, कल्हईवाले. नमुना आणणाऱ्याने मोजणी चालू असताना शेजारी बसायचं.

आणि तंत्रज्ञांची दोन कायम पदं. एक अनुभवी, एक शिकाऊ, म्हणजे पहिला निवृत्त होईपर्यंत दुसऱ्याची नजर तयार झालेली असेल. ही पदं मिळत नसतील तर लेसरची ऑर्डर देऊ नये, असं मी प्रस्तावाच्या पहिल्या पानावर लिहिलंय. प्रती बाहेरच्या टेबलावर आहेत, जाताना घ्या. सह्यांचा कागद खालीच जोडलाय.